माग स्वतः थांबतो, मग दूध का नाही? डोक्यातल्या काही वस्तू आणि एक प्रश्न

धोटेवाला (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. मी यंत्रमागाचा जॉबर. बंद पडलेला माग चालू करून देणं हे पोटापाण्याचं काम. घरी आलो की पत्रा, तार, स्प्रिंग, जुन्या सायकलीची ट्यूब घेऊन काहीतरी करत बसणं हा नाद. सध्या डोक्यात पाच-सहा वस्तू एकदम फिरताहेत. त्या तुमच्यापुढे मांडतो, पण त्याआधी मागाचं थोडं सांगावं लागेल, कारण सगळं तिथूनच आलंय.

साध्या मागावर धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीतली, धाग्याची कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला, तर माग आपोआप थांबतो. त्यासाठी एका कडेला छोटा काटा असतो, आम्ही त्याला फोर्क म्हणतो. धागा जागेवर असला की प्रत्येक फेरीत तो फोर्कला ढकलतो आणि फोर्क उचललेला राहतो. धागा नसला की फोर्क तसाच पडून राहतो, त्याचा आकडा मागच्या हातोडीत अडकतो, हँडल सुटतं, माग थांबतो. यात वीज नाही, सेन्सर नाही. धागा नाही हीच गोष्ट मागाला थांबवते. एक कामगार चार-सहा माग बघू शकतो तो या बोटभर लोखंडामुळे. नाहीतर प्रत्येक मागापुढे एक माणूस डोळे फाडून उभा करावा लागला असता.

आता आमच्या घरची सकाळ बघा. एका शेगडीवर दूध, दुसऱ्यावर कुकर, वर टाकीची मोटर चालू, अंगणात वाळत घातलेले कपडे आणि आभाळ भरून आलेलं. त्यात नळाला पाणी आज येणार की उद्या याचा पत्ता नाही. हे पाच माग झाले, आणि ते सगळे माझी बायको एकटी बघते. त्यातल्या एकालाही फोर्क नाही. मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, हाताचं काम कमी झालं हे खरं. डोळ्यांचं आणि कानांचं काम मात्र होतं तिथंच आहे. लक्ष ठेवणं हे काम कुणी कामात धरत नाही, म्हणून त्यावर यंत्रही कुणी मनापासून केलं नाही, असं मला वाटतं.

तर माझ्या वस्तू.

दूध. पातेल्याच्या काठावर आडवी बसणारी एक पट्टी. तिच्या खाली स्टीलच्या दोन काड्या, एकमेकींपासून बोटभर लांब, दुधाच्या वर लटकलेल्या. दूध फुगून वर आलं की फेस दोन्ही काड्यांना एकदम लागतो, सर्किट पुरं होतं, बझर वाजतो. पुढचा टप्पा म्हणजे शेगडीच्या बटणाला स्प्रिंग लावून तेच फिरवून बंद करायचं.

कुकर. शिट्टीच्या डोक्यावर छोटा लोहचुंबक चिकटवायचा, शेजारी रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला-गेला की चालू-बंद होणारा स्विच. शिट्टी उचलली की एक आकडा पुढे. तीन झाले की इंडक्शन बंद. शिट्ट्या मोजणारी यंत्रं बाजारात आहेत हे मला माहीत आहे, पण ती आवाज ऐकून मोजतात, आणि शेजारच्या कुकरची शिट्टीपण आपल्यात धरतात.

नळाची शिट्टी. ही माझी सगळ्यात लाडकी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं ते कधीकधी पहाटे. पाणी येण्याआधी पाइपातली हवा बाहेर ढकलली जाते. नळ फुसफुसतो तो आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल. त्या हवेवर शिट्टी वाजली तर? नळाच्या तोंडाला बसणारं एक रबरी बूच, त्यात पत्र्याची शिट्टी. पाणी दारात यायच्या आधीच गल्ली जागी. सेल नको, चार्जिंग नको, पाण्याच्या आधी येणारी हवाच निरोप घेऊन येते.

पावसात स्वतः आत येणारी कपड्यांची दोरी. दोरी दोन कप्प्यांवरून फिरती ठेवायची. एका टोकाला वाळूची पिशवी बांधलेली, पण ती खाली पडू नये म्हणून एका खिटीने अडवलेली. आणि त्या खिटीच्या फटीत बत्तासा. पावसाचे चार थेंब पडले की बत्तासा विरघळतो, खिटी सुटते, पिशवी खाली जाते, कपडे सरसर पत्र्याखाली येतात. होळी-पाडव्याला गाठी आणि बत्तासे घरात येतात तेव्हापासून हे डोक्यात आहे.

झोपाळा. आमच्या सोप्यात झोपाळा आहे, त्यावर कोण ना कोण दिवसभर बसलेलं असतं. त्याला डायनॅमो लावून मोबाइल चार्ज करता येईल का?

टाकीचं मी धरत नाही. पाणी भरलं की मोटर बंद करणारा फ्लोट बाजारात मिळतो, तो प्रश्न सुटलेला आहे.

माझं विचारणं एवढंच: यातलं आधी काय हातात घ्यावं, कुठलं कुणी आधीच केलेलं आहे, आणि कुठे धोका आहे जो मला दिसत नाही? मी लोखंडातला माणूस आहे. वीज, दूध, कायदा यातलं जाणणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं.

सर्किटवाली (नाशिक)

दादा, नमस्कार. मी सातपूरला कंट्रोल पॅनल जोडणीचं काम करते, आणि तुम्ही सांगितलेले पाचही माग सकाळी घरी चालवते. लक्ष ठेवणं हे काम आहे, हे कुणी पुरुषाने स्वतःहून लिहिलेलं वाचून बरं वाटलं.

पण एक गोष्ट आधी सांगते. तुमचा फोर्क माग थांबवतो, कामगाराला हाक मारत नाही. तुमच्या यादीत मात्र निम्म्या वस्तू वाजणाऱ्या आहेत. बझर वाजला की मला हातातलं पीठ सोडून पळायचंच आहे. घरात हाका मारणारे आधीच पुष्कळ आहेत. तेव्हा प्रत्येक वस्तूला हे विचारा: ही नुसती वाजते की थांबवते?

आता दूध. दूध तापताना वर साय धरते, खालची वाफ त्या सायीखाली अडकते आणि सगळं एकदम उचललं जातं. म्हणून ते पाण्यासारखं उकळत न बसता क्षणात उतू जातं. तुमच्या दोन काड्यांची अडचण अशी की फेस यायच्या आधी वाफ येते. काड्यांवर, आणि ज्या पट्टीत त्या बसवल्यात त्या पट्टीवर, पाण्याचा थर धरतो आणि तो थरच सर्किट पुरं करतो. पट्टी टेफ्लॉनची घ्या, काड्या उताराच्या ठेवा, म्हणजे थेंब ओघळून जाईल. आणि काड्यांना सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, देऊ नका. एक काडी हळूहळू झिजत जाते आणि ते दुधात उतरतं. टाकीतल्या पाण्याची पातळी कळावी म्हणून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावून लोक जी सर्किटं करतात त्यातल्या तारा काळ्या पडतात, त्याचं कारण हेच. दिशा उलटसुलट होणारा अगदी थोडा करंट द्या.

शेगडीच्या बटणाला स्प्रिंग लावणं मात्र अजिबात करू नका. बटण अर्धवट फिरलं, ज्योत विझली आणि गॅस चालू राहिला, तर पुढचं मी लिहायची गरज नाही. गॅसच्या वाटेत घरी केलेली कुठलीही वस्तू नको.

दुधाचा फोर्क खरं तर आपल्या आयांच्या स्वयंपाकघरात होता. दुहेरी भिंतीचं दुधाचं भांडं, मधल्या पोकळीत पाणी, आणि पाणी उकळलं की शिट्टी. लोकांना ती शिट्टी आठवते. पण त्यातली खरी हुशारी शिट्टीत नाही. मधलं पाणी शंभर अंशाच्या वर जात नाही, म्हणून आतल्या दुधाला उसळी मारण्याइतकी उष्णता मिळतच नाही. दूध तापतं आणि तिथेच राहतं. मी शिट्टी ऐकून दहा मिनिटं उशिरा गेले तरी ओटा कोरडा. वेळ जास्त लागतो आणि पाणी घालायचं विसरून चालत नाही, एवढंच. तुम्ही पत्र्यातले आहात, तर या भांड्यात सुधारणा करा: पोकळीतलं पाणी किती उरलंय ते बाहेरून दिसेल असं काहीतरी.

कुकरच्या शिट्टीला काहीही चिकटवू नका, हे हात जोडून सांगते. शिट्टी हे वजन आहे, आणि तेच वजन आतला दाब ठरवतं. समजा भोक साडेतीन मिलिमीटर व्यासाचं आहे. त्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडं कमी. म्हणजे एक किलोचा दाब धरायला साधारण ९६ ग्रॅमची शिट्टी लागते. त्यावर दहा ग्रॅमचा चुंबक ठेवला की दाब दहा टक्क्यांनी वाढला. त्यात चुंबक तिरका बसला तर शिट्टी अडकायची भीती वेगळी.

शिवाय शिट्ट्या मोजणं हाच मुळात ढोबळ हिशोब आहे. गॅस मोठा ठेवला तर तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. बारीक ठेवला तर एकच शिट्टी यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात डाळ शिजलेली असते. डाळीला महत्त्व आहे ते साधारण १२० अंशावर ती किती मिनिटं राहिली याला. तेव्हा पहिली शिट्टी ऐकायची आणि तिथून मिनिटं मोजायची. आवाज ऐकणारा माइक कुकरच्या हँडलला चिमट्याने लावा, म्हणजे धातूतून येणारी थरथर तो पकडेल आणि शेजारच्यांची शिट्टी त्याला लागणार नाही. इंडक्शन बंद करताना प्लगची वीज तोडू नका, आतला पंखाही थांबतो आणि तापलेले भाग तसेच राहतात. बंद करायच्या बटणालाच रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, जोडा.

बागायती (फलटण)

राम राम. बत्ताशाची आयडिया वाचून लई आवडली.

आमच्याकडचं सांगतो. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यात काही दिवस रात्रीची असते. पूर्वी मोटर चालू करायला रात्री विहिरीवर जावं लागायचं, साप-विंचू, चिखल, सगळं. आता मोबाइलवरून मोटर चालू-बंद होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ काढलं, त्याला २००९ मध्ये नोकियाचं मोठं बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून तशा वस्तू बऱ्याच निघाल्या. तेवढ्याने विहिरीपर्यंतची चाल वाचली.

दारं धरायचं, म्हणजे सरीसरीला पाणी वळवायचं, काम मात्र तसंच राहिलं. उसाच्या सरीला पाणी सोडलं की ते टोकाला पोचलं का हे बघायला बॅटरी घेऊन बांधाबांधाने जायचं, परत यायचं, दार मोडायचं, पुढच्या सरीला लावायचं. ठिबक ज्यांनी केलं त्यांचा हा त्रास गेला, पण सगळ्यांकडे अजून ठिबक नाही.

तुमच्या बत्ताशावरून डोक्यात आलं. सरीच्या टोकाला एक काठी रोवायची. तिच्यावर सळईचा झेंडा, स्प्रिंगने ताणून खाली बांधलेला. बांधलेली गाठ कागदाची आणि जमिनीला टेकलेली. पाणी टोकाला आलं, कागद भिजला, तुटला, झेंडा वर. झेंड्याला ट्रॅक्टरच्या मागे लावतात ती चमकणारी पट्टी चिकटवायची. मी दाराजवळ उभा राहून बॅटरी मारली की कुठल्या सऱ्या भरल्या ते एका नजरेत दिसेल. ताई म्हणतात तसं हे थांबवत नाही, नुसतं सांगतं. पण रात्री दोन वाजता एवढं सांगितलं तरी खूप झालं.

भौतिकशास्त्र (रत्नागिरी)

मी शाळेत विज्ञान शिकवते. बत्ताशाबद्दल दोन अडचणी आहेत, एक मुंग्या आणि दुसरी कोकण. आमच्याकडे जूनपासून हवेतच इतका ओलावा असतो की डब्याबाहेर ठेवलेला बत्तासा पाऊस न पडताच पाझरू लागतो. कपडे उगाच आत येत राहतील. मुंग्यांना तर पावसाची वाट बघायचीच गरज नाही.

फलटणच्या दादांनी न बोलता उत्तर देऊन टाकलंय: कागद. कागदाचे तंतू एकमेकांना धरून असतात आणि पाणी मध्ये शिरलं की ती पकड सुटते. टिश्यू पेपरची पट्टी कोरडी असताना बरंच वजन पेलते आणि थेंब पडताच फाटते. दमट हवेत ती थोडी ढिली होते, पण तुटत नाही. पाण्यात पडताच आपोआप फुगणारी लाइफ जॅकेट असतात, त्यात हेच तत्त्व आहे: विरघळणारी गोळी किंवा भिजून ढिला पडणारा कागदाचा तुकडा, आणि त्यामागे दाबून ठेवलेली स्प्रिंग. म्हणजे तुमची कल्पना समुद्रावर जीव वाचवायच्या कामी येते आहे. ती कपड्यांना लावलेली मी पाहिली नव्हती इतकंच. पट्टीच्या वर एक नरसाळं ठेवा, म्हणजे मोठ्या तोंडावर पडलेले थेंब गोळा होऊन नेमके पट्टीवर येतील. नाहीतर पावसाचा पहिला थेंब अर्ध्या इंचाच्या पट्टीवर पडेपर्यंत चादर भिजून जाईल.

नळाच्या शिट्टीला एक भर. पाणी रोज येत नाही अशा ठिकाणी पाणी बंद झालं की पाइप आतून ओढतो. तोंड उघडं असेल तर बाहेरची हवा आत जाते, आणि खाली बादलीत बुडलेली नळी असेल तर बादलीतलं पाणीही. गावच्या पाइपात असं जायला नको. शिट्टीच्या आत रबराची एक पातळ झडप बसवा, बाहेर उघडणारी. हवा येताना उघडेल, ओढ लागली की मिटेल.

झोपाळ्याचा हिशोब मी आठवीच्या मुलांना घातला. साठ किलोचा माणूस झोका घेताना दहा सेंटीमीटर वर जातो, म्हणजे सुमारे ५९ ज्यूल. ते सगळे काढून घेतले तर झोपाळाच थांबेल. पायाने प्रत्येक झोक्याला जेवढा रेटा देतो तेवढंच घेता येईल, ते दहा ज्यूल धरा. अडीच मीटर साखळीचा झोका जाऊन परत यायला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे तीन वॉट. गिअर आणि डायनॅमोत निम्मे गेले. उरले दीड. आजच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत जवळपास १९ वॉट-तास मावतात. बारा-तेरा तास सलग झोके घ्यावे लागतील.

मुलं हिरमुसली. मग एका मुलीने विचारलं की वीज कशाला करायची, झोपाळ्यानेच छताला टांगलेला कापडी पंखा ओढला तर? मला ते फार आवडलं. मध्ये काही बदलायचं नाही, म्हणून वाया जाणारंही थोडंच. दुपारी लाइट गेलेली असताना सोप्यात बसलेल्या सगळ्यांना वारा. दोन कप्प्या आणि एक दोरी एवढ्यावर होईल.

आणि हे सगळं नीट कापून, जोडून बघायचं असेल तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला जा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला, हाताने करत शिकायचं हाच त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः करून बघायच्या कार्यशाळांपैकी, एक तिथे २००२ मध्ये सुरू झाली. गावातली पोरं तिथे यंत्रं करतात.

नागोयाकर

मूळचा सांगलीचा, सध्या जपानात नागोयाला. धोटेवाले, तुमची ही चर्चा वाचून राहवलं नाही, कारण तुम्ही ज्या फोर्कबद्दल लिहिलंत त्यावर हे अर्धं शहर उभं आहे.

साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याने आधी हाताने चालवायचा लाकडी माग सुधारला आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १९२४ मध्ये त्याने आणि त्याच्या मुलाने जी टाइप ऑटोलूम काढला. त्यात उभा धागा तुटला तरी माग थांबायचा, आणि कांडी संपली की माग न थांबवता नवी बसायची. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. मुलाने पुढे मोटारी केल्या. इथल्या जुन्या गिरणीच्या इमारतीत टोयोटाचं संग्रहालय आहे, तिथे तो माग चालवून दाखवतात. मुद्दाम धागा तोडतात आणि माग थांबतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इचलकरंजीतल्या मामाच्या यंत्रमाग खात्याचा आवाज कानात आला.

तुमच्या घरच्या मुद्द्याला धरून दुसरं उदाहरण. तोशिबाने १९५५ मध्ये आपोआप बंद होणारा भाताचा विजेचा कुकर बाजारात आणला. भात झाला हे यंत्राला कळणार कसं हा खरा प्रश्न होता. योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने युक्ती केली ती दुहेरी भांड्याची. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं. ते पाणी आटून गेलं की तापमान शंभराच्या वर उडी मारतं, दोन धातूंची पट्टी वाकते, स्विच पडतो. पाणी आहे तोवर चालू, पाणी संपलं की बंद, म्हणजे तुमच्या फोर्कचंच डोकं. आणि किती पाणी, किती वेळ, थंडीत काय, उन्हात काय, या सगळ्या चाचण्या घरी भात शिजवून घेतल्या त्या त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. ज्या बाईला रोज भातावर लक्ष ठेवावं लागत होतं, तिनेच ते यंत्र बरोबर करून घेतलं. तेव्हा तुमच्या वस्तूंच्या चाचण्या वहिनींच्या हातून होऊ द्या.

अर्जदार (ठाणे)

पेटंटचे मसुदे लिहिण्यात माझी नोकरी गेली, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

इथे सगळं उघड लिहिलंत, आता पेटंट हवं असेल तर वाट कठीण आहे. आपल्या १९७०च्या कायद्यात वस्तू नवी असावी लागते, आणि अर्जाच्या तारखेआधी ती जाहीर झाली असेल तर ती नवी राहत नाही. अगदी थोडे अपवाद आहेत. पुढच्या वेळी काही सुचलं तर आधी तात्पुरता मसुदा दाखल करा. तो दिला की तारीख तुमची झाली, आणि पूर्ण मसुदा द्यायला १२ महिने मिळतात. करून बघायला तेवढा वेळ पुरतो. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं.

मुदतीवरून एक गोष्ट. मिनोल्टाचे अभियंता हिरोशी उएदा यांनी १९८०च्या दशकात स्वतःचा फोटो काढायची लांब काठी केली आणि तिचं पेटंट घेतलं. ते २००३ मध्ये संपलं. समोरचा कॅमेरा असलेले फोन सगळ्यांच्या हातात आले ते त्यानंतर, आणि मग ती काठी जगभर खपली. कल्पना फार आधी आली तर कागद हाती राहतो आणि बाजार येतो तेव्हा मुदत गेलेली असते.

आपल्या मुंबईचे शंकर आबाजी भिसे तुम्हाला माहीत असावेत, जन्म १८६७. त्यांना इंग्लंडमध्ये पहिलं नाव मिळालं ते किराणा मालाच्या वजनाच्या यंत्रामुळे. साखर, पीठ असा सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र करायची स्पर्धा लंडनच्या एका नियतकालिकाने लावली होती, ती त्यांनी जिंकली. दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली. छपाईचे खिळे ओतायच्या यंत्राने ते पुढे गाजले. पण सुरुवात वाण्याच्या दुकानातल्या रोजच्या कामापासून झाली होती. नळाची शिट्टी मला त्याच जातीची वाटते.

धोटेवाला (इचलकरंजी)

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाचं उत्तर देतो.

अर्जदार साहेब, इथे उघड लिहिलं ते जाणूनबुजून. मला ही वस्तू विकायची नाही. तुम्हीच सांगितलेला नियम उलट्या बाजूनेही लागू होत असेल, म्हणजे एकदा इथे जाहीर झाली की उद्या कुणी नळाच्या शिट्टीवर एकट्याचा हक्क सांगायला गेला तर त्याला ती नवी म्हणता येणार नाही. गल्लोगल्लीच्या फॅब्रिकेशनवाल्याने ती करून विकावी, माझी काही हरकत नाही.

ताई, ‘वाजते की थांबवते’ हे मी खात्यातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय. शेगडीच्या बटणाची स्प्रिंग सोडून दिली, कुकरचा चुंबकही. दुहेरी भांड्याचं बायकोला विचारलं, तर तिच्या माहेरी ते होतं आणि वॉशर गेल्यावर भंगारात गेलं म्हणाली. तिचं म्हणणं, पाणी घालायच्या तोंडावर झाकण नको, तिथे पारदर्शक सिलिकॉनची नळी उभी करा, म्हणजे पाणी किती ते दिसेल आणि वाफही त्याच वाटेने जाईल. मला वाटतं नळी वाफेसाठी नको, वाफेची वाट शिट्टीतूनच मोकळी राहावी आणि नळी बाजूने फक्त पातळी दाखवायला. आमचा यावर वाद चालू आहे. नागोयाकरांचं ऐकून चाचणी तीच घेणार हे मात्र ठरलंय.

फलटणचे दादा, तुमचा झेंडा मी केला. सळई सहा एमएमची जड पडते, चार एमएमची घ्या. कागदाची गाठ मारू नका, गाठीत कागद दाबला जातो आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. पट्टी सरळ ठेवून दोन्ही टोकं कपड्याच्या चिमट्यात धरा, मध्ये उघडी राहू द्या. जमिनीपासून दोन बोटं वर ठेवा, नाहीतर दवानेच तुटेल.

दोरीचं काम नरसाळ्याने एकदम सोपं झालं. बाई, टिश्यूची पट्टी वाऱ्याच्या झटक्याने तुटते, कारण दोरीवर चादर असली की ती शिडासारखी ओढते. म्हणून दोरीची ओढ थेट पट्टीवर येऊ द्यायची नाही. खिटीला लांब दांडा लावला, ओढ आखूड बाजूला आणि पट्टी लांब टोकाला. मागाच्या हँडलला असाच तरफेचा हिशोब असतो. आता पट्टीवर येणारी ओढ दहाव्या हिश्शावर आली.

नळाच्या शिट्टीची झडप सायकलच्या ट्यूबची केली. ती जाड पडते, हवा कमी असली की उघडतच नाही. फुग्याचं रबर पातळ आहे पण पाण्याने आणि उन्हाने चिकट होतं. डॉक्टरांच्या हातमोज्याचं रबर कुणी वापरून पाहिलंय का? किंवा दुसरं काही, जे नळावर वर्षभर टिकेल आणि तोंडाने हलकं फुंकलं तरी उघडेल?

सर्किटवाली (नाशिक)

हातमोज्याचं रबर उन्हात लवकर कुजतं. सिलिकॉनची अर्धा मिलिमीटरची शीट घ्या, पॅनलच्या गास्केटसाठी आम्ही वापरतो, फूड ग्रेडमध्येही मिळते. नाण्याएवढी चकती कापा आणि पूर्ण कडेने चिकटवू नका, फक्त वरच्या बाजूला एकाच टाचणीएवढ्या जागी धरा. मग ती दारासारखी हलेल. आणि शिट्टीचं बूच घट्ट बसवू नका, पाण्याचा जोर आला की ते स्वतः निसटून बादलीत पडलं पाहिजे. तेवढं केलंत की तुमची शिट्टी वाजेलही आणि बाजूलाही होईल.